तळघरातली संस्था आणि तिचे सभासद

संस्थेचा इतिहास लिहायचा म्हटले की आधी हाताशी येतात ते अहवाल. त्यांत स्थापनेची तारीख असते, अध्यक्षांची यादी असते, इमारतींची उद्घाटने आणि वाढत गेलेली सभासदसंख्या असते. एक्सपेरिमेंटल एअरक्राफ्ट असोसिएशनचा, म्हणजे आपल्या रोजच्या बोलण्यातल्या ‘ईएए’चा, असा इतिहास लिहिणे अवघड नाही. संस्थेने स्वतःचे दप्तर नीट जपले आहे. मात्र मराठी बोलणाऱ्या हौशी वैमानिकांच्या या स्मरणिकेसाठी लिहिताना मला दुसरा धागा धरावासा वाटतो. संस्था मोठी होऊ लागली तेव्हापासून ‘ही आता आपली राहिली नाही’ असे म्हणणारे सभासद तिच्यात आहेत. त्यांच्या म्हणण्याला अहवालात जागा मिळत नाही, पण संस्था ज्या वळणांवर वळली ती वळणे त्यांच्याशिवाय समजत नाहीत. म्हणून हा इतिहास सभासदांच्या बाजूने सांगतो आहे.

सुरुवात संस्थेच्याही आधी करावी लागेल. 1920 आणि 1930 च्या दशकांत अमेरिकेच्या खेड्यापाड्यांत घरी विमान बांधणारे पुष्कळ लोक होते. मिनेसोटातल्या चेरी ग्रोव्ह नावाच्या गावी बर्नार्ड पीटेनपोल यांनी लाकूड-कापडाच्या विमानाला फोर्ड मोटारीचे इंजिन बसवून ते उडवले. तो ‘एअर कॅम्पर’ आजही नकाशे आणून लोक बांधतात. पण हवाई वाहतुकीचे केंद्रीय नियम कडक होत गेले तसे घरी बांधलेल्या विमानाला परवाना मिळणे जवळजवळ बंद झाले. ओरेगॉन राज्याने स्वतःच्या कायद्याने ही वाट उघडी ठेवली होती, आणि तिथल्याच जॉर्ज बोगार्डस यांनी 1947 साली आपले ‘लिटल जी बी’ हे छोटेसे विमान उडवत थेट वॉशिंग्टन गाठले. घरचे विमान खंड ओलांडून सुखरूप येते, हे अधिकाऱ्यांना दाखवणे हाच त्यांचा अर्ज होता. पुढच्या काही वर्षांत हौशी बांधणीच्या विमानांना ‘एक्सपेरिमेंटल’ वर्गात नोंदवण्याची सोय झाली. ‘लिटल जी बी’ आज स्मिथसोनियनच्या संग्रहात आहे. घरी विमान बांधण्याचा हा हक्क कोणी देणगी म्हणून दिलेला नाही, हे आपल्या नव्या सभासदांनी लक्षात ठेवावे, एवढ्यासाठी ही हकिकत आधी सांगितली.

26 जानेवारी 1953 रोजी, विस्कॉन्सिनच्या कडाक्याच्या थंडीत, मिलवॉकीच्या कर्टिस-राइट विमानतळावर तीसेक माणसे जमली. बोलावणारे होते पॉल पोबेरेझ्नी. शाळेत असताना एका शिक्षकांनी दिलेले मोडके ग्लायडर दुरुस्त करून ते उडायला शिकले होते. पुढे युद्धकाळात लष्करी वैमानिक झाले आणि आता ते विस्कॉन्सिनच्या एअर नॅशनल गार्डमध्ये नोकरीला होते. संस्थेचे काम नोकरी सांभाळून, रात्री, हेल्स कॉर्नर्स इथल्या त्यांच्या घराच्या तळघरात चाले. पत्नी ऑड्री पत्रव्यवहार पाहत, टंकलेखन करत, वर्गणीचा हिशेब ठेवत. ‘पोबेरेझ्नींनी संस्था काढली’ असे आपण म्हणतो तेव्हा ऑड्रीबाईंचे नाव मागे पडते, आणि ते बरोबर नाही. त्या काळचे सभासद आठवतात ते त्यांनी पाठवलेली पत्रे आणि अंक.

त्याच वर्षी सप्टेंबरात पहिला फ्लाय-इन, म्हणजे विमाने उडवत येऊन भरवायचा मेळावा, झाला. मूठभर विमाने आणि दीडशेच्याही आत नोंदलेले पाहुणे. संस्थेचे खरे भरते आले ते 1955 मध्ये. ‘मेकॅनिक्स इलस्ट्रेटेड’ या मासिकात पोबेरेझ्नींची लेखमाला आली: ‘बेबी एस’ नावाचे एकआसनी विमान इंजिनासकट आठशे डॉलरांच्या आत घरी कसे बांधावे. नळ्या कशा जोडायच्या, पंखावर कापड कसे ताणायचे, डोपचे किती हात द्यायचे, हे सगळे सुताराला किंवा फिटरला कळेल अशा भाषेत. देशभरातून पत्रांचा पाऊस पडला. ज्याच्याकडे मोटार ठेवायची जागा आणि दोन हात आहेत त्याला विमान मिळू शकते, ही कल्पना शेतकऱ्यांपासून कारखान्यातल्या कामगारांपर्यंत पोचली. संस्थेचा पहिला सभासद कसा होता, याचे उत्तर या लेखमालेत आहे. पुढच्या प्रत्येक वादात लोक त्याच सभासदाचे नाव घेऊन बोलले.

फ्लाय-इनला मिलवॉकी अपुरे पडू लागले, म्हणून 1959 साली तो इलिनॉयमधल्या रॉकफर्डला गेला आणि 1970 पासून ऑशकॉशला. ऑशकॉशच्या विमानतळाची व्यवस्था स्टीव्ह विटमन पाहत आले होते. स्वतः विमाने बांधून शर्यती जिंकणारा हा माणूस. त्या विमानतळाला पुढे त्यांचेच नाव दिले गेले. 1983 मध्ये मुख्यालय आणि संग्रहालय दोन्ही ऑशकॉशला आली.

दरम्यान संस्थेच्या छपराखाली इतर छंदांची माणसे येत गेली. जुनी विमाने जपणारे, युद्धातली लढाऊ विमाने उडवणारे, हवाई कसरतींचे खेळाडू, पुढे अल्ट्रालाइटवाले. प्रत्येकाचा वेगळा विभाग झाला, वेगळा अंक झाला. हे चांगलेच झाले. घरी विमान बांधणारा माणूस तसा एकलकोंडा, त्याला शेजारी मिळाले. पण मेळाव्याच्या मैदानात जागेची वाटणी सुरू झाली. प्रेक्षक येतात ते दुसऱ्या महायुद्धातल्या विमानांची झेप आणि जेटची गर्जना ऐकायला. बांधणाऱ्यांची विमाने उभी असतात त्या रांगेत कोणी गर्दी करत नाही. तिथे दोन माणसे गुडघ्यावर बसून इंजिनावरचे झाकण उघडून तासभर बोलत असतात. ज्यातून तिकिटे विकली जातात ते आणि ज्यासाठी संस्था निघाली ते यांतले हे अंतर ऑशकॉशच्या पहिल्या दशकातच स्पष्ट झाले होते.

तरीही त्या रांगेने काय दिले ते पाहा. 1972 मध्ये बर्ट रुटान आपले ‘व्हॅरिव्हिगन’ घेऊन आले, रिचर्ड व्हॅनग्रुन्सव्हेन आपले ‘आरव्ही-3’ घेऊन आले. 1975 मध्ये रुटानचे ‘व्हॅरिईझ’ आले आणि फोम-फायबरग्लासने घरगुती विमानाची रचनाच बदलली. रुटान यांच्याच आराखड्याचे ‘व्हॉयेजर’ 1986 मध्ये कुठेही न उतरता, हवेत इंधन न भरता पृथ्वीला फेरी घालून आले. व्हॅनग्रुन्सव्हेन यांच्या आरव्ही मालिकेतली दहा हजारांहून जास्त विमाने लोकांनी बांधून उडवली. या दोघांची सुरुवात मोठ्या कारखान्यांनी केलेली नाही. त्यांना पहिले कौतुक, पहिली चिकित्सा आणि पहिले गिऱ्हाईक त्या गवतातल्या रांगेत मिळाले.

बांधणाऱ्याच्या दृष्टीने संस्था म्हणजे नेमके काय, हे इथे जरा सविस्तर सांगतो, कारण तक्रारीचे मूळ त्यातच आहे. अमेरिकेच्या नियमाप्रमाणे विमानाचा मोठा भाग हौशी माणसाने स्वतःच्या शिक्षणासाठी किंवा विरंगुळ्यासाठी बांधलेला असावा लागतो. त्यालाच सगळे ‘51 टक्क्यांचा नियम’ म्हणतात. बांधून झाले की तपासनीस येतो, कागद पाहतो, विमान पाहतो, आणि मग चाचणी-उड्डाणांचा पहिला टप्पा सुरू होतो. प्रमाणित इंजिन-प्रोपेलरची जोडी असेल तर सहसा 25 तास, नसेल तर 40 तास, ठरवून दिलेल्या मोकळ्या टापूतच उडायचे. या सगळ्यात बांधणारा एकटाच असतो. पंखाचा पत्रा एकदा रिव्हेट करून बंद झाला की आतली चूक दिसत नाही. म्हणून पत्रा बंद करण्याआधी संस्थेचा टेक्निकल काउन्सेलर घरी येतो. तो स्वतः विमान बांधलेला किंवा मेकॅनिक असलेला सभासद असतो, आणि हे काम तो विनामोबदला करतो. पहिल्या उड्डाणाआधी फ्लाइट अ‍ॅडव्हायझर येतो आणि वैमानिकाची तयारी तपासतो. हे दोघेही भेटतात ते चॅप्टरमध्ये, म्हणजे संस्थेच्या स्थानिक शाखेत, एखाद्या छोट्या विमानतळावरच्या हँगरमध्ये शनिवारी सकाळी. आज असे नऊशेच्या आसपास चॅप्टर आहेत. संस्थेचे नाव जे टिकले ते या माणसांमुळे. मुख्यालयातल्या कोणत्याही निर्णयाकडे सभासद बघतो तेव्हा त्याचा पहिला प्रश्न असतो, याने माझ्या हँगरमधल्या काउन्सेलरचे काम सोपे होणार की नाही?

1989 मध्ये पॉल यांचे चिरंजीव टॉम पोबेरेझ्नी अध्यक्ष झाले. 1972 मध्ये हवाई कसरतींची जागतिक स्पर्धा जिंकलेल्या अमेरिकन संघात ते होते आणि मेळाव्याची जबाबदारी ते 1970 च्या दशकापासूनच पाहत होते. त्यांच्या काळात संस्थेची शिस्त वाढली, पसारा वाढला. 1992 साली ‘यंग ईगल्स’ सुरू झाले. सभासदांनी आपल्या विमानातून, आपल्या पेट्रोलवर, मुलांना पहिले उड्डाण घडवायचे. राइट बंधूंच्या उड्डाणाला शंभर वर्षे होतील तोवर दहा लाख मुले, असे ठरवले आणि 2003 मध्ये ते पुरे केले. 2016 मध्ये वीस लाखावी फेरी झाली. माझ्या मते संस्थेने केलेल्या कामांत याच्या तोडीचे दुसरे नाही, आणि ते बहुतांशी सभासदांच्या खिशातून झालेले आहे.

1998 मध्ये मेळाव्याचे नाव ‘एअरव्हेंचर’ झाले. जुन्या सभासदांनी ते कधी उच्चारले नाही, ते आजही ‘ऑशकॉश’च म्हणतात.

टॉम यांच्या कारकिर्दीतले सर्वांत मोठे धोरणात्मक यश म्हणजे 2004 चा स्पोर्ट पायलटचा नियम. 1,320 पौंडांपर्यंतची हलकी विमाने, कमी तासांचे प्रशिक्षण, आणि वैद्यकीय प्रमाणपत्राऐवजी मोटारीचा परवाना. कित्येक वयस्क सभासदांचे उडणे त्यामुळे टिकले. पण बांधणाऱ्यांच्या गोटातून तेव्हाही शंका आली होती. या नियमाने कारखान्यात बनलेल्या तयार हलक्या विमानांची बाजारपेठ उभी राहिली, आणि संस्थेचे लक्ष विकत घेणाऱ्याकडे वळले, बांधणाऱ्याकडून हटले, असे त्यांचे म्हणणे होते. ते अर्धे खरे होते. उरलेले अर्धे असे, की वॉशिंग्टनमध्ये संस्थेचे ऐकले जाते ते तिच्या मागे लाखांनी माणसे आहेत म्हणून. त्यांतले बहुतेक लोक कधीच विमान बांधणार नाहीत. बोगार्डसना एकट्याने जे करावे लागले ते आज संस्थेचे लोक बैठकीत बसून करतात, आणि त्यामागचे बळ दारे सताड उघडी ठेवल्यामुळेच आलेले आहे.

चार वर्षांनी वादाला खुद्द बांधणाऱ्यांच्या रांगेतच तोंड फुटले. पैसे घेऊन किट जोडून देणारी केंद्रे वाढली होती. 2008 मध्ये अमेरिकेच्या हवाई वाहतूक प्रशासनाने (एफएए) नव्या किटांचे मूल्यमापन थांबवून 51 टक्क्यांच्या नियमाची फेरतपासणी सुरू केली. काहींना वाटे, चेकबुकाने विमान बांधणाऱ्यांमुळे खऱ्या बांधणाऱ्यांचा हक्क जाईल, तेव्हा नियम कडक होऊ द्या. काहींना वाटे, नियम कडक झाला तर पहिला मार प्रामाणिक माणसालाच बसेल. प्रस्तावित मसुद्यात सुटे भाग घडवण्याचे आणि ते जोडण्याचे वेगवेगळे किमान टक्के घातले होते. हजारो सभासदांनी हरकती पाठवल्या, संस्थेने त्या मांडल्या, आणि 2009 च्या अंतिम धोरणात ती अट राहिली नाही. सभासद आणि कार्यालय एका दिशेने ओढतात तेव्हा काय होते, त्याचे हे उदाहरण.

मार्च 2009 मध्ये पॉल पोबेरेझ्नींनी संचालक मंडळाच्या प्रमुखाचे पद सोडले. सप्टेंबर 2010 मध्ये टॉम यांनी अध्यक्षपद रॉड हायटॉवर यांच्याकडे दिले आणि 2011 च्या उन्हाळ्यात ते स्वतःही निवृत्त झाले. अठ्ठावन्न वर्षांत पहिल्यांदाच संस्थेच्या कारभारात पोबेरेझ्नी घराण्यातले कोणी नव्हते.

पुढची दीड-दोन वर्षे आपल्यापैकी अनेकांना आठवत असतील. त्या काळातली तक्रार एका मुद्द्याची नव्हती. धावपट्टीच्या कडेला, जिथे सभासद घडीच्या खुर्च्या टाकून बसत, तिथे कंपन्यांच्या पाहुण्यांसाठी तंबू आले. मासिकात कारखान्यात बनलेल्या महागड्या विमानांवरचे लेख वाढले आणि कार्यशाळेतले लेख आटले. वर्षानुवर्षे फोनवर ओळखीच्या आवाजात उत्तर देणारे कर्मचारी कमी झाले. स्वयंसेवक मेळाव्याच्या आधी आठवडेच्या आठवडे येऊन कुंपणे रंगवतात, पाण्याचे नळ जोडतात, विमाने लावतात. आपल्याला विचारले जात नाही, सांगितले जाते, असे त्यांना वाटू लागले. गल्लीतल्या लोकांनी वर्गणी काढून सुरू केलेल्या गणेशोत्सव मंडळाच्या कमानीवर एके वर्षी प्रायोजकाचे नाव मंडळाच्या नावापेक्षा मोठे दिसावे, तेव्हा जुन्या कार्यकर्त्याच्या पोटात जे तुटते ते इथे तुटले होते.

कार्यालयाची बाजूही मांडायला हवी. 2008 च्या मंदीनंतर विमान उद्योग खचलेला होता. मेळाव्याच्या आठवड्यावर संस्थेचे वर्षभराचे पोट बरेचसे अवलंबून असते. विमानतळावर आठवडाभर दहा हजारांच्या घरात विमाने येतात, त्या दिवसांत तिथला हवाई नियंत्रण मनोरा जगातला सर्वांत गजबजलेला असतो, आणि हे उभे करायला पैसा लागतो. कंपन्यांकडून तो आणणे यात गैर काही नाही. चूक झाली ती क्रमात. आधी सभासद, मग प्रायोजक, हा क्रम लोकांना बदललेला दिसला, आणि संस्था जेव्हा स्वयंसेवकांच्या श्रमावर चालते तेव्हा दिसणे हेही असण्याइतकेच महत्त्वाचे असते. लोकांनी पत्रे लिहिली, चॅप्टरच्या बैठकांत ठराव मांडले, काहींनी सभासदत्वाचे नूतनीकरण केले नाही. संचालकांना जाणवेल इतके ते सगळे वाढले.

22 ऑक्टोबर 2012 रोजी हायटॉवर यांनी राजीनामा दिला. कुटुंबासह ऑशकॉशला स्थलांतर करणे शक्य नाही, असे कारण संस्थेने जाहीर केले. संचालक मंडळाने जॅक पेल्टन यांना आपले प्रमुख नेमून कारभार सोपवला. ते पूर्वी सेसना कंपनीचे प्रमुख होते. कारखान्याचा माणूस आला म्हणून काहींनी पुन्हा भुवया उंचावल्या. पण पेल्टन यांनी पहिल्या महिन्यांपासून चॅप्टर आणि स्वयंसेवकांशी बोलणे सुरू केले, आणि संस्थेचा पाया बांधणाऱ्यांत आहे हे जाहीरपणे म्हटले. म्हणण्याला कृतीची जोड मिळाली, ते पुढे येईलच.

त्याआधी 2013 चा उन्हाळा आला. केंद्र सरकारच्या खर्चकपातीचे कारण सांगून एफएएने मेळाव्यातल्या हवाई नियंत्रकांचा खर्च पहिल्यांदाच संस्थेकडे मागितला. रक्कम साधारण साडेचार लाख डॉलर. मेळावा तोंडावर होता. संस्थेने निषेध नोंदवून पैसे भरले आणि न्यायालयात दाद मागितली. पुढच्या वर्षी अनेक वर्षांसाठीचा करार होऊन वाद मिटला. विमानाच्या इंधनावरच्या करातून ही सेवा चालते, मग पुन्हा पैसे कशाला, हा सभासदांचा प्रश्न होता, आणि इथे संस्था आणि सभासद एकाच बाजूला उभे होते. फूट भरून येण्यात या प्रसंगाचा वाटा आहे असे मला वाटते. त्याच वर्षी 22 ऑगस्टला पॉल पोबेरेझ्नी गेले. मेळाव्यात ‘रेड वन’ नावाच्या लाल फोक्सवॅगनमधून ते रांगेरांगेने फिरत, कुठेही थांबून कोणाशीही बोलत. सभासदाला अध्यक्षापर्यंत पोचायला चिठ्ठी लागत नसे. त्यांच्या जाण्यानंतर ती सोय व्यवस्थेत कशी बसवायची, हा प्रश्न संस्थेपुढे उरला.

उत्तराचे काही तुकडे सापडले. 2014 च्या मेळाव्यात सर्वांच्या डोळ्यांदेखत सात दिवसांत एक झेनिथ विमान बांधले गेले. येणाऱ्या-जाणाऱ्याने हातात रिव्हेट घेऊन एक ठोकावा आणि वहीत नाव लिहावे. बांधणी पुन्हा मैदानाच्या मध्यावर आली. त्याच वर्षी पहिल्या टप्प्याच्या चाचणीत पात्र असा दुसरा वैमानिक बरोबर घेण्याची मुभा एफएएकडून मिळाली. पहिल्या काही तासांत घरगुती विमानांचे अपघात प्रमाणाबाहेर होतात, म्हणून ही मागणी संस्थेने लावून धरली होती. 2016 मध्ये कमी किमतीचे इलेक्ट्रॉनिक उपकरण जुन्या सेसना-पायपरमध्ये बसवण्याची मंजुरी संस्थेने स्वतः मिळवली. मूळ महागड्या कामाचा खर्च बराच उतरला. असे काम संस्थेने पूर्वीही केले होते. 1982 मध्ये मोटारीचे पेट्रोल सेसना 150 मध्ये वापरण्याची मंजुरी तिनेच आणली होती. 2017 च्या मे महिन्यापासून खासगी वैमानिकांच्या वैद्यकीय तपासणीची ‘बेसिकमेड’ ही सोपी पद्धत लागू झाली. तिची मागणी 2012 मध्ये, म्हणजे घरात वादळ असतानाच, संस्थेने एओपीए या वैमानिकांच्या संघटनेबरोबर दाखल केली होती. हे त्या वर्षाच्या कारभाराच्या जमेच्या बाजूला लिहायला हवे.

इथे आपल्याकडची एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. मुंबईत कांदिवलीला वैमानिक अमोल यादव यांनी इमारतीच्या गच्चीवर विमान बांधले. 2016 मध्ये ‘मेक इन इंडिया’ सप्ताहात ते लोकांनी पाहिले. विमानाची नोंदणी मिळायला मात्र 2017 चा नोव्हेंबर उजाडला. विमान बांधणे हे त्यांचे एक काम होते आणि कार्यालयांचे उंबरठे झिजवणे हे दुसरे, तेवढेच मोठे. त्यांच्या मागे तेव्हा लाखो सभासदांची संघटना नव्हती, हँगरमध्ये येऊन पत्रा तपासणारा काउन्सेलर नव्हता, नियमाचा मसुदा आला की हरकतींचा ढीग घालणारे लोक नव्हते. संस्था आपल्याला काय देते याचा हिशेब अमेरिकेत राहून करता येत नाही. तो कांदिवलीच्या त्या गच्चीवरून दिसतो. म्हणूनच संस्था भरकटू नये ही काळजी आपण मराठी सभासदांनी जरा जास्तच करावी.

2017 मध्ये सभासदसंख्या दोन लाखांवर गेली आणि ती वाढतेच आहे. 2020 साली महामारीमुळे मेळावा झाला नाही, तेव्हा एका आठवड्यावर संस्थेचा भार किती आहे ते सगळ्यांना कळले. 25 जुलै 2022 रोजी, मेळाव्याच्या पहिल्याच दिवशी, टॉम पोबेरेझ्नी गेले. 22 जुलै 2025 रोजी ऑशकॉशलाच ‘मोझॅक’ नियम जाहीर झाला. स्पोर्ट पायलटसाठी वजनाची मर्यादा जाऊन विमान किती कमी वेगाला तरंगते यावर पात्रता ठरली, चार आसनी विमाने (एकाच प्रवाशासह) खुली झाली. जुन्या सेसना 172 चा सभासद यात खूष आहे. कार्यशाळेत तीन वर्षे पंख घासत बसलेला सभासद विचारतो, माझ्यासाठी पुढे काय? दोघांचेही म्हणणे योग्य आहे, आणि दुसऱ्याचे म्हणणे ऐकले जावे म्हणून त्याला जास्त मोठ्याने बोलावे लागणार, हेही खरे.

एक गोष्ट 2012 पासून सुटलेली नाही, ती कारभाराची. दरवर्षी मेळाव्यात सर्वसाधारण सभा होते. जे येऊ शकत नाहीत त्यांच्यासाठी प्रॉक्सीचा कागद असतो, आणि तो नुसता सही करून पाठवला तर आपले मत कार्यकारी समितीच्या माणसांच्या हाती जाते. बहुतेक सभासद तो वाचत नाहीत, पाठवतही नाहीत. मग दिशा चुकली की चॅप्टरच्या कॉफीवर आपण हळहळतो. 2012 मध्ये सभासदांचे ऐकले गेले ते संताप फार मोठा झाला म्हणून. मतपेटीतून तो आवाज गेला असता तर इतक्या माणसांना दुखवावे लागले नसते. संचालक कसे निवडले जावेत, चॅप्टरांचा त्यांत वाटा किती असावा, स्वयंसेवकांचा प्रतिनिधी तिथे असावा की नाही, हे प्रश्न शांततेच्या काळात विचारायचे असतात, आणि आता तसा काळ आहे.

तेव्हा ही स्मरणिका वाचणाऱ्या प्रत्येक सभासदाला विनंती आहे. पुढच्या वर्षी प्रॉक्सीचा कागद आला की तो वाचा, उमेदवार कोण आहेत ते पाहा, आणि जमेल त्याने त्या आठवड्यात सभेला येऊन बसा. सभेच्या मांडवात खुर्च्या रिकाम्या असतात.